दूरचा प्रवचनकार आणि गावचा पाद्री

गेल्या आगमनकाळात आम्ही वडप्याला गेलो होतो. भिवंडी तालुक्यातील हे गाव मुंबई-नाशिक महामार्गाला खेटून आहे. जेथे भातखाचरे होती तेथे आता पत्र्याच्या उंच छपरांची गोदामे उभी आहेत. जवळच आमण्याला नागपूरहून येणारा समृद्धी महामार्ग येऊन मिळतो. त्याचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. मालमोटारींचा घरघराट रात्रीही थांबत नाही. आमच्या धर्मग्रामातून उठून गेलेले एक कुटुंब येथे चार वर्षांपासून राहते. मुलगा गोदामात पाळीने काम करतो. वडपे आमच्या हद्दीत येत नाही, आणि खरे सांगायचे तर हे कुटुंब नेमके कोठे गेले याची चौकशी आम्ही कधी केली नव्हती.

दोन खोल्यांचे घर. भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आणि तिच्याखाली, तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवलेला, मोबाइल. त्यावर कोणी प्रवचनकार हात उंचावून मोठ्या आवेशाने बोलत होते. आम्हाला पाहून सूनबाईंनी आवाज बारीक केला. आजी मात्र सहज म्हणाल्या, ‘‘राहू दे ग. ते रोज येतात. फादर आज आले.’’

बोलण्यात कुत्सितपणा नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले. पुढे सूनबाईंनी सांगितले की, त्या प्रवचनांमुळेच यजमानांची दारू सुटली. आता दोन वाहने बदलून देवळात जायचे, तेथे मिस्सा परक्या भाषेत, प्रवचन अर्धे समजते. मग घरी बसून ऐकले तर काय बिघडले, असा त्यांचा प्रश्न होता. आम्ही चहा घेतला, प्रार्थना केली आणि निघालो. उत्तर दिले नाही. पाठ्यपुस्तकातले उत्तर आम्हाला ठाऊक होते. सेमिनरीत ते पाठ केले होते. परंतु ज्या घरात दारू सुटली त्या घरात पाठ केलेले उत्तर जिभेवर येत नाही.

वसईहून वडप्याला जाणारा रस्ता कामण, अंजूरफाटा, भिवंडी असा जातो. अंजूर हे गंगाजी नाईकांचे गाव. पोर्तुगीजांच्या अमलात हिंदू प्रजेचा जो धर्मच्छळ झाला, त्याविरुद्ध याच नाईकांनी पेशवे दरबारी वर्षानुवर्षे दाद मागितली. तो छळ झाला हे आपण ख्रिस्ती लोकांनीही नजर न चोरता मान्य केले पाहिजे. त्याच भिवंडी तालुक्यात वज्रेश्वरीचे मंदिर आहे. वसई हाती आली तर तुझे देऊळ बांधीन, असा नवस चिमाजी अप्पांनी देवीला केला होता अशी परंपरा सांगते. १७३९ च्या मे महिन्यात वसईचा किल्ला पडला आणि नवस फेडला गेला.

आपल्या इतिहासाचे पुस्तक या ठिकाणी बहुधा मिटले जाते. वास्तविक ते येथे उघडले पाहिजे. तहाने धर्माचरणाची मुभा मिळाली, काही मोजकी देवळेही राखली गेली. परंतु युरोपीय पाद्री फौजेबरोबर निघून गेले. किल्ल्यातील फ्रान्सिस्कनांचे, डोमिनिकनांचे, ऑगस्टिनियनांचे, जेज्वितांचे भव्य मठ ओस पडले. त्यांच्या भिंती आज आपली मुले सहलीला जाऊन पाहतात. घंटा उतरवून घाटावर नेण्यात आल्या. वडप्यावरून जाणारा महामार्ग ज्या नाशकाला जातो तेथे, पंचवटीतील नारोशंकराच्या मंदिरात, १७२१ साल कोरलेली पोर्तुगीज घंटा अजून टांगलेली आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या घाटावरील घंटेवर १७०७ साल आहे. घंटेचे काम हाक दूरवर पोचविणे. कोण आले आणि कोण राहिले हे तिला कळत नाही. घंटा गेल्या, मठ गेले, राजाश्रय गेला. राहिले ते गोव्याच्या आर्चबिशपांच्या आज्ञेखालील मूठभर देशी पाद्री. त्यांच्यापैकी बहुतेकांची नावेही आपल्याला पाठ नाहीत. त्यांनी पडक्या देवळांच्या ओवऱ्यांत मिस्सा केल्या, मुलांना बाप्तिस्मा दिला, मृतांना माती दिली. पुढे वीसएक वर्षांनी, १७६० च्या सुमारास, आंकेतिल द्यु पेराँ नावाचा फ्रेंच विद्वान साष्टी बेटात हिंडला. मराठी राज्यात देशी पाद्रींच्या हाताखाली देवळे भरलेली आणि सण थाटाने साजरे होत असलेले पाहून त्याला नवल वाटले. आपल्या पणजोबांच्या पणजोबांचा विश्वास त्या अनाम पाद्रींच्या चिखलात रुतलेल्या पायांवर तगला आहे.

याहून चारशे वर्षे मागे जाऊ. १३२१ साली ठाण्याला चार फ्रान्सिस्कन धर्मबंधूंनी रक्त सांडले: तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे देमेत्रियस. ते निघाले होते चीनकडे. वाऱ्याने त्यांचे जहाज या किनाऱ्याला लावले. त्यांच्यासोबत जॉर्डन नावाचे एक फ्रेंच डोमिनिकन होते. हत्येच्या वेळी ते गुजरातच्या वाटेवर होते. बातमी कळताच ते परतले, त्यांनी सोबत्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले आणि या किनाऱ्यावर ते एकटे राहिले. पुढे ओडोरिक नावाचे दुसरे फ्रान्सिस्कन आले. त्यांनी हुतात्म्यांच्या अस्थी उकरून चीनला नेल्या आणि आपल्या प्रवासवृत्तांतात ही हकीकत सांगितली. ती युरोपभर वाचली गेली. ओडोरिकांचे काम मोलाचे होते, यात शंका नाही. त्यांच्यामुळेच ठाण्याचे नाव दूरवर गेले. परंतु त्या काळात ठाणे-सोपाऱ्याच्या ख्रिस्ती कुटुंबाला आजारपणात ज्याला बोलावता आले असते तो माणूस ओडोरिक नव्हे, जॉर्डन होता. जॉर्डन यांची दोन पत्रे उपलब्ध आहेत. दुखणी, उपासमार, कैद यांचे हाल ते सांगतात, एकटेपणाने कळवळतात आणि सोबतीला धर्मबंधू पाठवा अशी विनवणी करतात. ग्रंथ पाठवा असे त्यांचे मुख्य मागणे नाही. माणसे पाठवा असे आहे. १३२९ साली परमगुरूंनी त्यांना कोल्लमचे बिशप नेमले.

ग्रंथाचा विषय निघालाच आहे तर फादर स्टीफन्स यांचे स्मरण केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. दुरून येणारा शब्द आणि गावातला माणूस यांचे नाते मराठीत त्यांच्याइतके कोणी ओळखले नसेल. १५७९ साली ते गोव्याला उतरले आणि पुढील सुमारे चाळीस वर्षे तेथील साष्टी प्रांतात राबले. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापून प्रसिद्ध झाले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ त्या काळाच्या मानाने दूर पल्ल्याचे प्रक्षेपणच होते. गोव्यात लिहिलेल्या ओव्या स्टीफन्स यांनी कधी न पाहिलेल्या माणसांच्या कानी गेल्या. तरीही त्यांनी प्रवचनांचा संग्रह लिहिला नाही, पुराण लिहिले. पुराण म्हटले की पुराणिक आला, समोर बसलेली मंडळी आली. ग्रंथातच श्रोता मध्येच उठून शंका विचारतो आणि पाद्री त्याचे समाधान करतो. शंका विचारणाऱ्याला जागा नसेल तर ते पुराण होत नाही, ही खूण या इंग्रज माणसाने मराठी मातीतून उचलली. आमच्या वारकरी मित्रांनाही हे नव्याने सांगावे लागत नाही. आषाढीची महापूजा दूरचित्रवाणीवर घरबसल्या दिसते. पण म्हणून पायी वारी ओस पडलेली नाही.

आता खऱ्याखुऱ्या प्रक्षेपणाकडे वळू. १२ फेब्रुवारी १९३१ रोजी परमगुरू अकरावे पायस यांनी मार्कोनी यांनी उभारलेल्या व्हॅटिकन रेडिओवरून जगाला पहिला संदेश दिला. म्हणजे आपल्या चर्चने या साधनाकडे पाठ फिरविली असे कोणी म्हणू नये. उलट पहिल्या काही वर्षांतच ते हाती घेतले. बारावे पायस यांनी तर असिसीच्या संत क्लारा यांना दूरचित्रवाणीच्या आश्रयदात्या ठरविले. आजारपणामुळे नाताळच्या रात्री क्लारा देवळात जाऊ शकल्या नाहीत, तेव्हा अंथरुणातूनच त्यांना तो सोहळा दिसला व ऐकू आला, अशी कथा आहे. मात्र याच परमगुरूंनी १९५७ च्या आपल्या परिपत्रकात स्पष्ट केले की, दूरचित्रवाणीवर मिस्सा पाहणे आणि मिस्सेला उपस्थित असणे एक नव्हे. या दोन गोष्टींत आम्हाला विसंगती दिसत नाही. क्लारांना तो सोहळा दिसला कारण त्या उठू शकत नव्हत्या. उठता येत असते तर त्या भगिनींबरोबर देवळातच गेल्या असत्या.

या माध्यमातील दोन नामवंत धर्मगुरूंची चरित्रे आम्ही मुद्दाम सांगणार आहोत. दोघेही अमेरिकेचे आणि दोघेही १९७९ साली निवर्तले.

पहिले चार्ल्स कॉग्लिन. डेट्रॉइटजवळच्या एका धर्मग्रामाचे ते प्रमुख. १९२६ साली रेडिओवर बोलू लागले ते मुलांना धर्मशिक्षण देण्यासाठी. आवाज मधाळ, काळ मंदीचा. बघता बघता कोट्यवधी लोक त्यांना ऐकू लागले. पत्रांचा ढीग उपसायला कारकून ठेवावे लागले. मग धर्मशिक्षण मागे पडले, राजकारण पुढे आले आणि अखेर त्या मधाळ आवाजातून ज्यू लोकांविषयीचे विष घरोघर पोचू लागले. १९४२ साली त्यांच्या आर्चबिशपांनी त्यांना थांबविले. विचार करण्याजोगी गोष्ट पुढची आहे. कॉग्लिन आपल्या धर्मग्रामात परतले आणि १९६६ साली निवृत्त होईपर्यंत, चोवीस वर्षे, तेथेच बाप्तिस्मे, विवाह आणि अंत्यविधी करीत राहिले. माणूस तोच. धर्मग्रामात उलट बोलणारी, अडविणारी, दुसऱ्या दिवशी भेटणारी माणसे असतात. ध्वनिक्षेपकासमोर कोणी नसते, आणि ज्याला कोणी अडवीत नाही तो कोठवर घसरतो याचे हे उदाहरण आम्हा प्रवचन देणाऱ्यांनी उशाशी ठेवावे असे आहे.

दुसरे बिशप फुल्टन शीन. त्यांच्याविषयी आमच्या मनात निखळ आदर आहे; सेमिनरीत त्यांची पुस्तके आम्ही अधाशासारखी वाचली. १९३० पासून रेडिओवर आणि १९५२ ते १९५७ दूरचित्रवाणीवर ते बोलत. ज्यू, प्रोटेस्टंट, नास्तिक सगळे ऐकत. १९६६ साली त्यांना रॉचेस्टरच्या धर्मप्रांताची जबाबदारी मिळाली. १९६८ साली त्यांनी तेथील एका धर्मग्रामाचे देऊळ आणि जागा गरिबांच्या घरांसाठी सरकारला देऊ केली. हेतू उदात्त होता. पण त्या धर्मग्रामातील लोकांना विचारलेच नाही. लोक रस्त्यावर उतरले, देणगी मागे घ्यावी लागली. १९६९ साली, तीन वर्षांतच, त्यांनी पद सोडले. एवढ्या मोठ्या वक्त्याला एका गावाचे मन कळले नाही, याचे आम्हाला हसू येत नाही. ऐकून घेण्याची सवय बोलण्याच्या सवयीहून वेगळी असते, आणि ती कॅमेऱ्यासमोर लागत नाही.

‘‘फादर, मग पाद्रीशिवाय श्रद्धा टिकतच नाही म्हणता काय?’’ असा प्रश्न एखादा जाणता वाचक विचारील. टिकते, आणि याचा सर्वात थोर पुरावा आमच्या वसईच्या संताशी जोडलेला आहे. गोन्सालो गार्सिया हे वसईचे सुपुत्र. त्यांना जपानी भाषा येत असे, म्हणून फ्रान्सिस्कन धर्मगुरूंचे शब्द तेथील लोकांच्या भाषेत सांगणे हे त्यांचे काम झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला त्यांना क्रुसावर मृत्यू आला आणि १८६२ साली ते संत म्हणून घोषित झाले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १७ मार्च १८६५ रोजी, त्याच नागासाकीत नव्याने बांधलेल्या देवळाच्या दारी काही खेडूत आले आणि फादर पेतिज्याँ यांना त्यांनी हळूच सांगितले की, आम्हीही तुमच्याच विश्वासाचे. दोनशेहून अधिक वर्षे त्यांना एकही धर्मगुरू भेटलेला नव्हता. मग त्यांचे टिकले कसे? त्यांच्या गावागावांत माणसे नेमलेली होती: एक सणवारांचे पंचांग सांभाळी, एक बाप्तिस्मा देई, एक घरोघर निरोप पोचवी. पाद्री नव्हता, पण पाद्रीपण गावातच होते. लांबून येणारा आवाज त्यांच्याकडे मुळीच नव्हता. शेजारचा माणूस होता.

लंकेची गोष्टही अशीच. १६५८ साली डचांनी तेथे सत्ता मिळविल्यावर कॅथॉलिक धर्मगुरूंना बंदी झाली. जवळपास तीस वर्षांनी, १६८७ साली, गोव्याचे जोसेफ वाझ मजुराच्या वेषात जाफन्याला उतरले. तापाने फणफणलेले, दारोदार भीक मागत फिरणारे, गळ्यात जपमाळ. जपमाळ पाहून कोण चपापते यावरून ते आपली माणसे हेरीत. रात्री मिस्सा, पहाटे दुसरे गाव. १७११ साली कँडीला त्यांनी देह ठेवला आणि १४ जानेवारी २०१५ रोजी परमगुरू फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संतपद दिले. सागरापलीकडून उत्तम पत्रे धाडण्याइतकी विद्वत्ता वाझांपाशी होती. त्यांनी होडी धरली.

आणि तरीही २०२० साल आपण विसरू शकत नाही. त्या वर्षी आम्हीच दूरचे प्रवचनकार झालो. मार्चअखेर देवळांना कुलपे लागली. २७ मार्चच्या संध्याकाळी पावसात, रिकाम्या चौकात एकटे उभे राहिलेले परमगुरू फ्रान्सिस आपण सर्वांनी पडद्यावरच पाहिले, आणि त्या पडद्याने आपल्याला धीर दिला हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. आम्ही रिकाम्या बाकांसमोर, तिपाईवर ठेवलेल्या मोबाइलकडे पाहून पुनरुत्थानाची मिस्सा केली. ‘प्रभू तुम्हांबरोबर असो’ म्हटल्यावर जी शांतता पसरली ती अजून कानात आहे. नेमक्या त्याच दिवसांत वडप्यावरून जाणाऱ्या महामार्गाने मुंबई-भिवंडीचे हजारो कामगार डोक्यावर बोजे घेऊन उत्तरेकडे चालत होते. त्यांना पाणी दिले ते रस्त्याकडेच्या गावकऱ्यांनी. १७ एप्रिलच्या प्रवचनात परमगुरूंनीच सावध केले की, पडद्यावरचा हा सहभाग अडचणीच्या काळापुरता आहे. समुदाय आणि साक्रामेंत यांच्यावाचून चर्च नाही. १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी, महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे उघडली. सगळे परत आले नाहीत. जे आले नाहीत त्यांना आम्ही आळशी म्हणालो. घरी जाऊन किती जणांना भेटलो?

म्हणून वडप्याला आम्ही पुन्हा गेलो. या खेपेस तेथील धर्मग्रामाच्या फादरांना सोबत घेऊन. आजींनी या वेळी जे सांगितले ते पहिल्या भेटीत सांगितले नव्हते. त्याच्या आधीच्या पावसाळ्यात आजोबा गेले. रात्री दोनच्या सुमारास श्वास लागला. सूनबाईंनी त्या प्रवचनकारांच्या पडद्यावर दिसणाऱ्या क्रमांकाला फोन लावला. पलीकडच्या मुलाने अगत्याने नाव विचारले, प्रार्थनेची विनंती नोंदवून घेतली. त्या मुलाचा काय दोष? तो कोठल्या राज्यात बसला होता कोण जाणे. पहाटे आजोबा गेले, तैलाभ्यंगावाचून, पापनिवेदनावाचून. आमचा क्रमांक भिंतीवरील धर्मग्रामाच्या जुन्या दिनदर्शिकेवर छापलेला होता. आम्ही विचारले, ‘‘मग आम्हाला का नाही केलात?’’ आजी म्हणाल्या, ‘‘इतक्या वर्षांत बोलणे नाही. रात्री दोनला कसा करायचा?’’

दूरचे प्रवचनकार आले नाहीत, कारण ते येऊ शकत नव्हते. आम्ही येऊ शकलो असतो. वसईहून वडपे रात्रीच्या मोकळ्या रस्त्याने फार लांब नाही. त्या घरातली आमची जागा कोणी बळकावली नव्हती. आम्ही ती रिकामी ठेवली होती, आणि रिकाम्या जागेवर त्यांनी मोबाइल ठेवला. तो त्यांनी फेकून द्यावा असे आम्ही म्हणालो नाही, म्हणणारही नाही. ज्या आवाजाने दारू सोडविली त्याचा हेवा करण्यात काय अर्थ आहे?

आता महिन्यातून एका रविवारी, गोदामाची दुपारची पाळी सुटली की, त्या चाळीत मिस्सा होते. कधी तेथील फादर येतात, कधी आम्ही. पहिल्या वेळी सतरा माणसे होती. त्यांत केरळचा एक वाहनचालक आणि झारखंडची तीन मुले. ती तिघे शेजारच्याच गोदामात दोन वर्षे काम करीत होती आणि ही मंडळी ख्रिस्ती आहेत हे एकमेकांना ठाऊक नव्हते. वाचन मराठीत झाले, गीत हिंदीत, आणि प्रवचन मालमोटारींच्या आवाजाने दोनदा थांबवावे लागले. मध्येच एका मुलाने शंका विचारली. मिस्सेत असे कोणी बोलत नाही, पण आम्ही उत्तर दिले. ख्रिस्तशरीर देताना आजींचा हात थरथरत होता.

निघताना आजींनी नातवाला वही आणायला सांगितली. दिनदर्शिकेवर छापलेला क्रमांक त्यांनी आमच्याकडून पुन्हा एकदा, मोठ्या अक्षरात, लिहून घेतला आणि विचारले, रात्री उचलता का. आम्ही हो म्हणालो.